तिसऱ्या मजल्यावरचा बॉयलर

आमच्या घरात बॉयलर नाही. हे वाक्य मी गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहून दिलं. एक कागद वीज कार्यालयाला, एक सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि एक खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरना. कंपाउंडरना खरं तर कागद मागायचा काही अधिकार नाही, पण दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते कुणाकडूनही काहीही लिहून घेतात. तिन्ही कागदांखाली माझी सही आहे. सहीबद्दल कुणाला शंका नाही. बॉयलरबद्दल अजून आहे.

घरात होता तो एक कॉम्प्युटर. सुनेच्या ऑफिसनं मोडीत काढलेला. त्यावर रंगीत, नटवे कार्यक्रम चालवायला गेलं की तो चढावरच्या बैलासारखा मध्येच उभा राही. म्हणून सुनेनं त्यात नुसता एक एडिटर बसवला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि जिथे लिहायचं तिथे एक लुकलुकणारी खूण. ना चित्र, ना नक्षी. मला तो पाहताक्षणी आवडला. भट्टीचं दार उघडल्यावर आत असतो तसा काळोख आणि त्यात एकच ठिणगी. चौतीस वर्षं मी साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. काळोखात ठिणगी पाहिली की मला घरी आल्यासारखं वाटतं.

लिहायचं कारण असं. कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती, आणि जुना बॉयलर आता रंग देऊन फाटकाशी शोभेला ठेवणार होते. तिथल्या क्लार्कचा फोन आला. "काका, बॉयलरबद्दल तुमच्याशिवाय कोण सांगणार? तुम्ही नुसतं बोला, मी लिहून घेतो."

मी म्हणालो, "मीच लिहीन."

"लिहून?" त्यानं विचारलं. त्या विचारण्याचा अर्थ मला कळतो. त्या कारखान्याच्या हजेरीपटावर माझा अंगठाच उमटत आला. अक्षरं मला पन्नाशी उलटल्यावर आली. ती जिद्दीनं आली, असं मी माझ्या लेखात लिहिलंही होतं. त्या वाक्याचं पुढे काय झालं ते पुढे सांगतो. सध्या एवढंच, की महिनाअखेरच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत लेख द्यायचा होता, आणि त्याखाली माझं नाव छापून येणार होतं. जिथे अंगठा उठवला तिथेच नाव छापून यावं, याहून म्हाताऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? दात मिळाले तर बरे, पण ते नंतर.

तर एडिटर. सुनेनं माझ्या सोयीसाठी त्यात इतकं काही भरलं, मोठी अक्षरं काय, मराठी टायपिंग काय, ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी भलीमोठी शब्दांची यादी काय, की तो उघडायलाच पावणेदोन मिनिटं घेऊ लागला. पावणेदोन मिनिटं ऐकायला काही नाही. पण माझ्या वयात वाक्य म्हणजे दारात आलेला पाहुणा. दार उघडायला पावणेदोन मिनिटं लावली तर तो शेजारी जातो. आंघोळ करताना फक्कड वाक्य सुचायचं, मी अंग न पुसता धावत यायचो, बटण दाबायचो, आणि पडदा काळाच. तो उजळेपर्यंत वाक्य गेलेलं असायचं आणि फरशीवर पाणी राहायचं. त्या पाण्याबद्दल आमची ही जे बोलायची, ते मात्र मला शब्दन्‌शब्द लक्षात राहायचं.

सुनेला सांगितलं. ती आणि मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. ती रविवारी येते. ती म्हणाली, "बाबा, सोपं आहे. एडिटर एकदाच पूर्ण चालू करायचा आणि पडद्यामागे तसाच जागा ठेवायचा. तुम्ही आलात की नुसती खिडकी उघडायची. लिहून झालं की खिडकी बंद. तो मागे चालूच."

"म्हणजे आग दाबून ठेवायची," मी म्हणालो.

तिला कळलं नाही, म्हणून समजावलं. थंड बॉयलर पेटवून वाफ धरायला सहा-सात तास लागतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी आग विझवत नाहीत. निखारे एका अंगाला ओढायचे, वर ओली कोळशाची पूड लिंपायची, धुराड्याची झडप बोटभर उघडी ठेवायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं भट्टी मेली. सकाळी सळईनं नुसतं फोडलं की अर्ध्या तासात वाफेचा काटा चढतो.

सून म्हणाली, "बाबा, हे आमच्या ऑफिसात कुणी मला इतकं नीट सांगितलं नव्हतं."

हे वाक्य मी हिला दिवसातून दोनदा ऐकवू लागलो.

त्या दिवशी सुनेनं आणखी एक सांगितलं होतं. लिहिलेलं मध्येमध्ये आपोआप जपून ठेवायची सोय एडिटरमध्ये होती, पण त्या वेळी आमचा कॉम्प्युटर उचकी लागल्यासारखा थांबे. ती सोय मीच तिला बंद करायला लावली. "मग बाबा, लिहून झालं की ही दोन बटणं स्वतः दाबायची," असं म्हणून तिनं दोन बटणं दाखवली. मी ती पहिल्या दिवशी दाबली. दुसऱ्या दिवशी विसरलो. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडून पाहतो तर सगळं जागच्या जागी! मग कशाला दाबायची? आग आहे तिथे आहे. नसती सवय लावून घेऊ नये, असं मी मनाला बजावलं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. बटण दाबायचं की डोळ्याचं पातं लवायच्या आत माझं कालचं वाक्य समोर. शेवटच्या शब्दाशी खूण लुकलुकत उभी, जणू "या, कुठे होतात?" म्हणत.

पण दाबून ठेवलेली आग म्हणजे जबाबदारी. आणि आमच्या घरात जबाबदारीला मोठा शत्रू होता. आमची ही. खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं खाली करायची तिची चाळीस वर्षांची सवय. पाहुणे आत बसलेले असले तरी पंखा बंद होतो. मी कॉम्प्युटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर पुठ्ठ्याची पाटी टांगली: "चालू आहे. बंद करु नये. हुकमावरून."

"कोणाच्या हुकमावरून?" हिनं विचारलं.

"कारखान्यात असंच लिहीत."

"मग कारखान्यात टांगा."

पाटी राहिली. पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर 'करु'मधला उकार लाल पेननं लांबवलेला. चूक माझी होती, पण पाटीचा दरारा गेला तो गेलाच.

शिवाय फेऱ्या सुरू केल्या. दाबलेल्या आगीकडे दर दोन तासांनी बघावं लागतं. कारखान्यात नोंदी ठेवायला एक जण असायचा, मी तोंडी सांगायचो आणि तो वहीत लिहायचा. आता मीच लिहू शकत होतो! वही आणली, रकाने आखले: वेळ, स्थिती, शेरा. "सकाळी ६, शांत. ८, शांत, अंग कोमट. १०, घरघर, पण काळजी नसावी. १२, शांत." दुपारी दोन ते चार रकाना कोरा राही, कारण त्या वेळी मी झोपतो. कारखान्यात त्या वेळेला बदली माणूस असे. इथे बदली माणूस कुठून आणायचा?

ही वही मी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली होती, आणि तिथेच घोटाळा झाला. कंपाउंडर आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येतात. त्यांनी वही चाळली. हॉस्पिटलात आयुष्य काढलेला माणूस. कोमट अंग आणि घरघर वाचून तो काय समजणार? वर्तमानपत्र तसंच ठेवून ते चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता जिना उतरले.

संध्याकाळी समोरच्या घरातल्या शिवणकामवाल्या बाई आल्या. मागोमाग सेक्रेटरी आणि त्यांच्या सौ. सगळे भिंतीला टेकून बसले. कुणी मोठ्यानं बोलेना.

"काकू, लपवू नका," शिवणकामवाल्या बाई हिचा हात धरून म्हणाल्या. "घरघर लागली म्हणजे चांगलं नाही. कोण आहे आत?"

"आत?" ही म्हणाली. "आत कॉम्प्युटर आहे."

"धीराची आहे बाई," सेक्रेटरींच्या सौ. पुटपुटल्या.

शेवटी मी सगळ्यांना आत नेऊन यंत्र दाखवलं. आजारी कुणी नाही हे कळल्यावर मंडळींना आनंद व्हायला हवा होता. पण शोक करायला म्हणून चांगली साडी नेसून आलेल्या माणसांना काळी पेटी दाखवली तर त्यांचा विरस होतो. कंपाउंडरनी तेवढ्यात आपली बाजू सावरली. "मिस्त्री, पेशंट असो नसो, वीज गेली तर काय कराल? पेशंटला सलाइन लागतं तशी कॉम्प्युटरला बॅटरी लागते. लावून घ्या."

बॅटरीची पेटी आली. धान्याच्या पोत्याएवढी जड, आणि पुढच्या अंगाला एकच बटण. वीज गेल्यावर ती वीस मिनिटं कॉम्प्युटर चालवते, असं दुकानदार म्हणाला. वीज गेल्यावर ती ती वीस मिनिटं गळा काढून किंचाळते, हे तो म्हणाला नाही. नेमकी त्याच सुमारास आमच्या भागातली जुनी केबल बिघडली आणि वीज दिवसातून पाच-सहा वेळा नुसती डोळा मारू लागली. प्रत्येक वेळी ही पेटी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ओरडे. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचं पत्र आलं: "आपल्या सदनिकेतून येणाऱ्या आवाजाचा खुलासा करावा." मी खुलासा केला. सहीसकट. खुलासा करायला मिळाला याचाच मला आनंद झाला होता, हे कबूल करतो.

लेख जवळजवळ पुरा होत आला आणि सूचनाफलकावर कागद लागला: बुधवारी सकाळी दहा ते दुपारी दोन, मुख्य केबल बदलण्यासाठी वीजपुरवठा बंद.

चार तास. बॅटरी वीस मिनिटांची. आणि सुनेनं मांडणी बदलल्यापासून एडिटर पुन्हा पेटवायचा कसा, हे फक्त तिलाच माहीत. ती ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेलेली, येणार थेट रविवारी. लेख द्यायचा शुक्रवारी. आग विझली तर माझं नाव छापून येत नाही, हा हिशेब मी सोमवारी सकाळी दाढी करताना केला आणि हनुवटीला कापून घेतलं.

"अहो, सुनेला फोन करा आणि विचारा," ही म्हणाली.

"ती वर्गात असते. शिवाय प्रत्येक गोष्ट सुनेला विचारायची? मी काय कच्चा आहे?"

हनुवटीला कागदाचा तुकडा चिकटवलेला होता, त्यामुळे वाक्याला हवं तेवढं वजन आलं नाही. मी तडक वीज कार्यालय गाठलं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला. "पुरवठा खंडित न करणेबाबत." कारण म्हणून चार चौकटी: रुग्णालय, शीतगृह, अखंड प्रक्रिया, इतर.

मी 'इतर'वर खूण केली.

बाई म्हणाल्या, "'इतर'ला पुरावा लागतो."

"कशाचा?"

"इतर असल्याचा."

"मग ही चौकट रिकामी सोडतो."

"रिकामी चौकट असेल तर अर्ज घेत नाही. तुमचं काय आहे नेमकं?"

"एक यंत्र आहे. चोवीस तास चालू. बंद करून चालत नाही."

"मग अखंड प्रक्रिया करा ना काका, तिला काही जोडावं लागत नाही," बाई म्हणाल्या आणि डबा उघडला, म्हणजे जेवणाची सुट्टी झाली.

मी खूण केली. खाली 'यंत्राचे वर्णन' होतं. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं: चोवीस तास चालू असते. 'चालकाचे नाव' विचारलं होतं, माझं लिहिलं. 'चालकाचा अनुभव' विचारला होता. आता एडिटरचा अनुभव महिन्याचा. तो लिहायचा म्हणजे हसू करून घेणं. मी लिहिलं: बॉयलरवर चौतीस वर्षे. प्रत्येक अक्षर खरं होतं. त्याखाली मी अशी सही केली की मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी मान डोलावली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला दारावर थाप पडली. निरीक्षक होते. हातात फाइल, मागे पक्कड घेतलेला लाइनमन, त्याच्या मागे सेक्रेटरी घामाघूम, त्यांच्या मागे कंपाउंडर, आणि जिन्यावर बाकीची इमारत.

"बॉयलर कुठे आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"कोणता?"

"अर्जात आहे. चौतीस वर्षे."

"तो कारखान्यात."

"मग घरात चोवीस तास काय चालतं?"

"एडिटर."

त्यांनी ते लिहून घेतलं. "आणि तो कुठे आहे?"

"मागे," मी म्हणालो. लाइनमन ताबडतोब मागच्या गॅलरीत गेला आणि तिथून ओरडला, "साहेब, इथे फक्त केरसुणी आहे."

नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरातून लांबलचक शिट्टी आली. सगळी इमारत एक पायरी मागे सरकली.

"ही वाफ कसली?" निरीक्षकांनी आवाज चढवून विचारलं.

"भाताची," ही आतून म्हणाली. "दोन व्हायच्यात अजून. थांबणार का?"

मी निरीक्षकांना कॉम्प्युटरपुढे नेलं, खिडकी उघडली. पातं लवायच्या आत लेख समोर. माणूस सज्जन होता. त्यानं वाकून चार ओळी वाचल्या, "छान लिहिलंय" असंही म्हणाला. मग फाइल उघडली. "पण काका, राहत्या घराच्या जोडणीवर अखंड प्रक्रिया चालते असा अर्ज आला, की चौकशी पुरी होईपर्यंत पुरवठा तोडावा लागतो. नियम आहे."

"पण इथे प्रक्रिया नाही!"

"अर्ज तुमचाच ना? ही सही?" त्यांनी ती माझ्यापुढे धरली. काय सही होती! एकेक अक्षर मोत्यासारखं. नाकारायला जीभ वळेना.

"माझीच," मी म्हणालो.

लाइनमन खाली गेला. पंखा मंदावला, थांबला. आणि बॅटरी किंचाळली.

वीस मिनिटं. आता मात्र मी अभिमान बाजूला ठेवून सुनेला फोन लावला. तिची चहाची सुट्टी होती, म्हणून लगेच सापडली. शिवणकामवाल्या बाईंनी फोन स्पीकरवर टाकून हातात धरला. किंकाळीवर आवाज चढवून मी सांगितलं, की आग विझते आहे.

"बाबा, घाबरू नका," सून म्हणाली. "विझू दे. संध्याकाळी फोनवरून सांगते कशी पेटवायची. लिहिलेलं सेव्ह केलंय ना?"

"सेव्ह कशाला? ते तिथेच असतं की."

"बाबा, ती दोन बटणं तुम्ही शेवटची कधी दाबलीत?"

"पहिल्या दिवशी."

"किती दिवस झाले?"

वहीत होतं. मी बघितलं. "एकोणचाळीस."

"बाबा, नीट ऐका. लेख त्याच्या डोक्यात आहे, कुठे उतरवून ठेवलेला नाही. डोकं बंद पडलं की लेख गेला. आत्ताच्या आत्ता दाबा. आधी मराठी टायपिंग बंद करा."

माझ्या पाठीतून जे पाणी उतरलं ते आयुष्यात एकदाच उतरलं होतं, बॉयलरच्या काचेच्या नळीतलं पाणी दिसेनासं झालं होतं, म्हणजे बॉयलर फुटायच्या बेतात होता, तेव्हा. चष्मा कपाळावर होता तो डोळ्यांवर घेतला. करंगळी कोपऱ्यातल्या बटणावर ठेवली, दुसरं दाबलं, आणि पडद्यावर एक भलामोठा 'स' उमटला.

"आधी मराठी बंद!" सून ओरडली.

"मराठी बंद करा हो आधी!" सेक्रेटरी ओरडले.

"हळू दाबा, काका," निरीक्षक म्हणाले. तेही आता माझ्या बाजूला झाले होते.

मराठी बंद झाली. करंगळी पुन्हा कोपऱ्यावर गेली. दुसरं बोट हवेत होतं. आणि कंपाउंडर म्हणाले, "या किंकाळीत माणूस विचार कसा करणार? थांबा, आवाज बंद करतो." आणि मदतीला धावणाऱ्या माणसाच्या चपळाईनं त्यांनी बॅटरीच्या पेटीवरचं ते एकुलतं एक बटण दाबलं.

आवाज बंद झाला. सगळंच बंद झालं.

काळा पडदा मी महिनाभर पाहत होतो, पण तो इतका काळा असतो हे माहीत नव्हतं. कंपाउंडरनी बोट बटणावरून हळूच उचललं आणि पाठीमागे लपवलं. फोनवर सून "बाबा? बाबा?" करत होती. मी उठलो, खिळ्यावरची वही काढली आणि नोंद केली, कारण नोंद करणं हे माझं काम होतं: "११ वाजून ४ मिनिटे. आग विझली. कारण: कंपाउंडर." मग 'कंपाउंडर' खोडून 'चालक' लिहिलं आणि खुर्चीत बसलो.

"चला, झालं ना बघून?" ही पदराला हात पुसत बाहेर आली. "कंपाउंडरभाऊ, तुम्ही पण. साहेब, तुमचा तो अहवाल लिहा आणि वीज सोडा. भात थंड होतोय." दोन मिनिटांत घर रिकामं झालं. हे तिनं कारखान्यात केलं असतं तर तिला सुपरवायझर केलं असतं.

मला वाटलं, आता बोलणार. सुनेला विचारा म्हणाले होते, हुकमावरून पाटी लावता, वगैरे. ती मात्र आत गेली आणि पिठाच्या डब्यामागून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. शाळेतली, दोनशेपानी, उभ्या समासाची.

उघडली. पहिल्या पानावर माझं पहिलं वाक्य. दुसऱ्यावर दुसरा दिवस. तिच्या गोल, उभ्या अक्षरात, एकोणचाळीस दिवस.

"हे कधी?"

"दुपारी. दोन ते चार. तुम्ही घोरत असता तेव्हा."

"पण का?"

"माझा त्या काळ्या फळ्यावर भरवसा नव्हता. शाईनं लिहिलेलं नाही, ते लिहिलेलं नाही." ती पलीकडच्या खुर्चीवर बसली. "आणि काय लिहिताय ते मला दाखवत नव्हता ना तुम्ही. आधी तो उघडायला दोन मिनिटं घरघरायचा, तेवढ्यात तुम्ही उठला असता. सूनबाईनं चटकन उघडायची सोय केली म्हणून जमलं. काल दुपारपर्यंतचं आहे. त्यानंतर काय लिहिलं असेल ते तुमचं गेलं."

नंतरच्या सहा ओळी होत्या. त्या मला पाठ होत्या.

मी पानं उलटू लागलो, आणि सुखाबरोबरच अभिमान दुखावू लागला. समासात सगळीकडे लाल शाई. ऱ्हस्व-दीर्घ तर होतंच, ते मी सोडून देतो. पण "त्या रात्री मी एकट्याने बॉयलर सांभाळला" याच्या पुढे "डबा कोणी पोचवला?" "मला कधीच भीती वाटली नाही" याच्या पुढे नुसतं "खोटं." आणि एका पानावर ते वाक्य, माझं लाडकं, जे मी सात वेळा बदलून पक्कं केलं होतं: "पन्नाशीनंतर मी जिद्दीने अक्षरे शिकलो." त्याच्यापुढे लाल शाईत एकच शब्द: "कोणाकडून?"

मी वही मिटली. तिनं भात वाढला.

बुधवारी केबल बदलली आणि दुपारी तीनला सगळ्यांबरोबर आमचीही वीज आली. निरीक्षकांच्या अहवालाची प्रत सेक्रेटरींनी आणून दिली. "सदर जागेत बॉयलर आढळला नाही. एक वृद्ध चालक व एक गृहिणी आढळले." संध्याकाळी सुनेनं फोनवरून एडिटर चालू करून दिला. "पुन्हा मागे ठेवू का, बाबा? तुम्ही फक्त बटणं दाबायची विसरू नका," म्हणाली. मी म्हणालो, "नको. रोज पेटवू, रोज विझवू." तो उघडायला पुन्हा पावणेदोन मिनिटं घेऊ लागला. पण आता वाक्य पळून जायची भीती नव्हती. वाक्य शेजारी बसलेलं असायचं, चष्मा लावून, वहीत बोट ठेवून.

बुधवारची संध्याकाळ आणि आख्खा गुरुवार ही वाचत होती, मी टाइप करत होतो. डब्याची ओळ घातली. भीतीचं वाक्य बदललं, भीती घातली. कंपाउंडर चहा घेऊन आले आणि दाराबाहेरूनच देऊन गेले, हात मागे बांधून. प्रत्येक ओळीनंतर ही म्हणायची, "बटणं." मी दाबायचो. एकदा तर मी पूर्णविराम द्यायच्या आतच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही त्या पानावर आलो. तिनं वाचलं, "पन्नाशीनंतर मी जिद्दीने अक्षरे शिकलो." पुढचा लाल शब्द तिनं वाचला नाही. पान उलटण्यासाठी बोट ओलं करून ती नुसती थांबली आणि खिडकीबाहेर बघू लागली, जणू तिथे काही चाललं होतं. तिथे काही चाललेलं नव्हतं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत होते.

मी ते वाक्य पुसलं. लिहिलं, "पन्नाशीनंतर मी बायकोकडून अक्षरे शिकलो." मग पाहिलं, की 'जिद्दीने' राहून गेलं. ते कुठे घालावं? जरा विचार केला आणि पुढे एक वाक्य जोडलं: "जिद्द तिची होती."

खूण लुकलुकत राहिली. ही वाकून पडद्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. इतकी लांब ओळ नव्हती ती. मग चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि म्हणाली, "बघत काय बसलात? बटणं दाबा आधी."